राजीनामा कुणी साठवला?

पळस्पे फाट्यावरच्या 'गावदेवी रोडलाइन्स'चे मालक काशिराम घरत यांना आजवर एकाही माणसाने फसवलेलं नव्हतं. असं ते स्वतःच सांगत. दिवसातून साधारण चार वेळा!

"मानूस दारातून आत आला का नुसत्या चपलांच्या आवाजावरून आमाला कळतं," ते म्हणत, "हा खरा हाय का बनेल हाय!"

त्यांच्या नऊ ट्रेलर होत्या. ट्रेलरच्या टाकीत काठी घालून ते डिझेल मोजत आणि मग काठी कुणी कापली तर नाही ना, म्हणून काठीही मोजत. घरी शांतीबाईंनी न सांगता चहात वेलची घातली, तर कप खाली ठेवून विचारत, "आज काय मागायचं हाय?" त्यामुळे शांतीबाईंनी गेली बावीस वर्षं चहात वेलची घातलेली नव्हती.

शेठच्या ऑफिसात काचेची एक केबिन होती आणि काचेपलीकडे तीन माणसं. आपट्याहून मोटरसायकलवर येणारे विनायकराव एकोणीस वर्षांपासूनचे. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ते त्याला नमस्कार करत. प्रितेश बंदरातून निघालेल्या गाड्यांच्या मागावर असे. म्हणजे दिवसभर दोन फोनवर पाच ड्रायव्हरांशी ओरडून बोले. आणि दिपिका कागदपत्रं बघायची. तिचं डोकं सगळ्यांत जास्त चालायचं, म्हणून शेठची नजरही तिच्यावरच सगळ्यांत जास्त.

गोष्ट सुरू झाली ती एका सूचनेवरून. घाटात अवजड वाहनांना बंदी असल्याची सूचना ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती, पण ती एकशे बारा गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडली गेली. विठू ड्रायव्हर ट्रेलर घेऊन निघाला आणि खोपोलीला नऊ तास उभा राहिला. नऊ तासांत त्याने शेठना एकेचाळीस फोन केले. शेवटचे सहा नुसतेच उसासे टाकायला.

दुसऱ्या दिवशी दिपिका केबिनमध्ये आली.

"शेठ, 'साठवण' नावाचं एक ॲप आहे. इंटरनेटवर कामाचं काही दिसलं, बंदराची सूचना, आरटीओचं परिपत्रक, काहीही, की हे बटण दाबायचं. ते पान जपून ठेवलं जातं. आणि ॲप स्वतःच विषयाप्रमाणे कप्पे करतं. पुन्हा शोधायला नको."

"कप्पे कोन करतं?"

"ॲप."

"त्याला कोन सांगतं?"

"कोणी नाही. ते पान वाचतं आणि ठरवतं."

"म्हंजे आमचं वाचतं!" शेठ खुर्चीत ताठ झाले.

दिपिकाने अर्धा तास समजावलं. शेवटी विठूच्या उसाशांची आठवण येऊन शेठ तयार झाले.

"मग प्रत्येकाचं वेगळं खातं काढते," दिपिका म्हणाली, "म्हणजे कुणी काय साठवलं ते नावासकट दिसेल."

"वेगळं कशाला? माझ्यापासून लपवायला?" शेठनी टेबलावर हात आपटला. "एकच खातं! सगळ्यांचं मिळून एक! आनि ते आमच्या मोबाइलवर पन पायजे!"

दिपिकाने निमूटपणे एकच खातं काढलं. दोन वर्षांत ती एवढं शिकली होती.

संध्याकाळी शेठनी मोबाइलवर 'साठवण' उघडलं. ॲपने नम्रपणे विचारलं, सूचना पाठवू का? पाठव. तुमचं ठिकाण पाहू का? मुळीच नाय! मग विचारलं, या फोनमध्ये तुम्ही पूर्वी खूण करून ठेवलेली पानं इकडे आणू का? शेठनी विचार केला. 'आणू' म्हणतंय, 'नेऊ' म्हणत नाय. येणाऱ्या गोष्टीला शेठ सहसा अडवत नसत. त्यांनी 'होय' दाबलं आणि विसरून गेले.

दोन दिवसांनी, सकाळी सव्वादहाला, मोबाइल टिंग वाजला.

'तुमच्या टीमच्या साठवणीत नवा कप्पा तयार झाला आहे : नोकरी सोडणे.'

शेठनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कप्पा उघडला. आत दोन पानं होती. 'राजीनामा पत्राचा उत्तम नमुना, मराठीत.' आणि 'राजीनामा देताना संबंध कसे जपावेत?' तारीख परवाची!

त्याखाली आणखीही कप्पे दिसत होते, पण शेठच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. तीन डोकी तीन पडद्यांत खुपसलेली. यातलं एक डोकं फितूर!

मग मात्र त्यांना सगळं दिसायलाच लागलं. विनायकरावांनी आज भांग नीट पाडला होता. एकोणीस वर्षांत कधी पाडला होता का? प्रितेशच्या पायात नवे बूट होते. फाट्यावरच्या धुळीत नवे बूट कोण घालतं? मुलाखतीला जाणारा! आणि दिपिका फोनवर हळू आवाजात हसत होती. ऑफिसात हसायला काय आहे?

तडकाफडकी विचारावं, तर जो जाणार आहे तो सावध होणार. शेठनी ठरवलं, गोडीने घ्यायचं. माणूस खूश असला की जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते घरून चार खणांचा डबा घेऊन आले. जिताडा माशाचं कालवण! त्यांनी स्वतः विनायकरावांच्या टेबलावर डबा उघडला. एकोणीस वर्षांत शेठनी विनायकरावांना लोणच्याची फोडही दिली नव्हती. विनायकराव डब्याकडे असे बघत राहिले, जणू त्यात कालवण नाही, कोर्टाचं समन्स आहे.

"खा रे विनायक, खा. मन लागतं ना इथं?"

"लागतं, शेठ." विनायकराव म्हणाले. "तुमचं... तुमचं कसं आहे?"

"माझं काय?"

"नाही, म्हणजे... तुम्ही पण खा ना थोडं. का डॉक्टरांनी..."

"डॉक्टर? कोन डॉक्टर?"

"काही नाही, काही नाही!" विनायकरावांनी मोठा घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठना वाटलं, तिखट आहे. मग वाटलं, अपराधी मन आहे! यानेच साठवलंय!

त्याच आठवड्यात शेठनी ऑफिसला रंग काढला. तिघांना चाकांच्या नव्या खुर्च्या आणल्या. प्रितेश खुर्चीवर बसायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"शेठ, रंगबिंग काढताय... दाखवायला का?"

"कोनाला दाखवायला?"

"नाय, असंच. कोनी बगायला येनार असंल तर."

"कोन येनार हाय बगायला?"

"काय नाय, शेठ." आणि प्रितेशने दिपिकाकडे पाहिलं, दिपिकाने विनायकरावांकडे, विनायकरावांनी छताकडे.

शेठ केबिनमध्ये आले ते घामाघूम होऊन. तिघं मिळालेले आहेत! बाजूची चहाची टपरीसुद्धा आता त्यांना संशयास्पद वाटू लागली, कारण तिघं एकदमच चहाला जात आणि शेठ जवळ आले की एकदमच गप्प होत. एवढंच नाही, तर त्यांच्याकडे फार मऊ नजरेने बघत. शेठ जिना उतरताना विनायकराव मागून हात धरत. प्रितेश तर चक्क फोनवर हळू बोलायला लागला होता. विठूने विचारलं, "शेठ, प्रितेशचा घसा बसलाय का?"

सोमवारी दुपारी पुन्हा टिंग.

'नवा कप्पा : नोकरीच्या संधी.'

'अनुभवी लिपिक पाहिजे, कळंबोली.' पाच मिनिटांनी, 'ट्रान्सपोर्ट सुपरवायझर, उरण रोड.' आणखी दहा मिनिटांनी, 'डॉक्युमेंटेशनसाठी महिला उमेदवार, उलवे.'

माणसं तीन. जाहिराती तीन!

खरं सांगायचं तर आता शेठना राग येईना, भीतीच वाटायला लागली. विनायकरावांशिवाय जुन्या फायली कुठल्या कपाटात आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रितेशशिवाय पाच ड्रायव्हर पाच दिशांना गेले असते. आणि दिपिका नसती, तर बंदराच्या गेटमधून गाडी आत शिरली नसती. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, हेही शेठना त्या दिवशीच ठाऊक झालं.

पण सुरुवात कुणी केली? सूत्रधार कोण? शेठनी सापळा लावायचं ठरवलं. मंगळवारी मोबाइल हातात घेऊन ते केबिनच्या दाराआड उभे राहिले. टिंग झालं की झडप घालायची आणि माऊसवर कुणाचा हात आहे ते बघायचं. पंधरा मिनिटं उभे राहून त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. आणि टिंग!

"हात वर!" शेठ ओरडत बाहेर आले.

तिघांचेही हात वर गेले. प्रितेशच्या वर गेलेल्या हातातल्या फोनमधून विठूचा आवाज येत होता, "वर? वर कुठं? पुलावर घेऊ का गाडी?"

"शेठ, काय झालं?" दिपिकाने विचारलं.

"माऊस..." शेठ बोलून गेले आणि सावरले, "म्हंजे उंदीर! उंदीर दिसला!"

विनायकरावांना उंदरांची भयंकर भीती. ते नव्या खुर्चीवर चढले. चाकांची खुर्ची ती! ती विनायकरावांना घेऊन निघाली ती थेट पाण्याच्या जारवर जाऊन आदळली. वीस लिटर पाणी नव्या रंगाच्या भिंतीच्या कडेने वाहत बाहेर गेलं आणि त्याच्यामागून विनायकरावांची एक चप्पल.

शेठनी मोबाइल पाहिला. नवीन साठवलेलं पान होतं, 'खंडाळा घाटात अवजड वाहनांना आज बंदी.' तिकडे विठू पुलावर चढला होता. तो पूल पुण्याच्या दिशेचा होता. विठू पुन्हा खोपोलीला उभा राहिला.

शुक्रवारी पुरावाच सापडला. दिपिकाच्या टेबलाखाली एक पिशवी होती. शेठनी पायाने तिचं तोंड उघडलं. आत शाल होती आणि नारळ!

निरोप समारंभ! म्हणजे जाणारा ठरलेला आहे, तारीख ठरलेली आहे, शालसुद्धा घेऊन झाली आहे आणि मालकाला पत्ता नाही! शेठ तसेच पनवेलला कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे गेले. 'मी खाली सही करणार, आजपासून दोन वर्षे गावदेवी रोडलाइन्स सोडून कुठेही जाणार नाही', अशा मजकुराचे तीन कागद करून घेतले आणि शनिवारी चार वाजता मीटिंग आहे, म्हणून सगळ्यांना सांगितलं.

"मीटिंग?" विनायकरावांनी भिंतीचा आधार घेतला.

शनिवारी चार वाजता तिघं केबिनमध्ये रांगेत उभे राहिले. शेठच्या हातात तीन कागद होते. कागद बघून प्रितेशचा चेहरा पडला. दिपिकाच्या हातातली पिशवी बघून शेठचा पडला.

"बसा," शेठ म्हणाले.

"नको शेठ, कागद उभ्यानेच घेतो," विनायकराव पुढे आले. "तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला त्रास होईल. आम्हाला सगळं माहीत आहे. आमचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही फक्त छातीला जपा." आणि त्यांनी शाल काढून शेठच्या खांद्यांवर घातली. प्रितेशने नारळ हातात दिला.

शेठ शाल घेऊन आणि नारळ धरून बसले. सत्कारमूर्तीसारखे.

"अरे, जातोय कोन?"

"तुम्ही!" तिघं एकदम म्हणाले.

"मी? मी कुठं जातोय?"

"धंदा विकून... आरामाला," दिपिका म्हणाली. "शेठ, आम्ही 'साठवण'मध्ये पाहिलं ना! 'चालू व्यवसाय विकताना काय काळजी घ्यावी?' आणि 'छातीत दुखणं : गॅस की हार्ट ॲटॅक?' आणि राजीनाम्याचा नमुना. आम्हाला वाटलं, तब्येतीमुळे सगळं सोडताय. मग जिताडं आणलंत. रंग काढलात. मग आम्हीही नोकऱ्या बघायला लागलो. विनायककाका साठवणच्या बटणाशिवाय काही दाबतच नाहीत. त्यांनी तिन्ही जाहिराती ऑफिसच्या खात्यात साठवल्या."

"राजीनामा मी साठवला?" शेठ उसळले. नारळ गडगडत टेबलाखाली गेला. "राजीनामा तुमच्यापैकी कोनीतरी साठवला! मी पंधरा दिवस शोधतोय त्याला!"

"शेठ, कुठून आलं ते बघता येतं," दिपिका शांतपणे म्हणाली. तिने टेबलावरचा मोबाइल शेठसमोर धरला, राजीनाम्याचं पान उघडलं आणि खालची बारीक अक्षरांची ओळ मोठी केली.

'स्रोत : काशिराम यांचा फोन. जुन्या खुणा. तीन वर्षांपूर्वी.'

प्रितेशच्या खिशात विठूचा फोन वाजला. कुणी उचलला नाही.

शेठना हळूहळू आठवलं. तीन वर्षांपूर्वी गव्हाणच्या क्रिकेट स्पर्धेच्या बॅनरवर त्यांचा फोटो खालच्या रांगेत टाकला होता, तोही अर्धा कान कापून! भडकून त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला होता. कमिटी विनवण्या करायला येईल, अशी त्यांची खात्री होती. कमिटीने अडीच मिनिटांत तो मंजूर केला आणि वर चहा पाजला. त्या विषयावर शेठ कुणाशीही, अगदी शांतीबाईंशीही, बोलले नव्हते.

आता बोलावं लागलं.

"आनि धंदा?" प्रितेशने भीतभीत विचारलं.

"एका लग्नात एकाने विचारलेलं, ही जागा धंद्यासकट विकनार का? विकायची नव्हती. पन विकली असती तर आपल्याला कसं फसवलं असतं, ते बगून ठेवलेलं."

"आणि छाती?" विनायकराव.

"भाचीच्या हळदीला अकरा वडे खाल्लेले," शेठ भिंतीकडे बघत म्हणाले.

पहिल्यांदा प्रितेश हसला. मग दिपिका. मग विनायकराव हसता हसता रडले, की रडता रडता हसले, ते नीट कळलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे कळंबोलीला फोन लावला. "सॉरी हं साहेब, सोमवारपासून नाही जमणार. आमचे शेठ जिवंत आहेत."

प्रितेशनेही उरण रोडवाल्यांना नकार कळवला. शेठनी ते तीन कागद हळूच उलटे करून ठेवले. शालीत उकडत होतं, पण काढवेना.

"चला, झालं गेलं," ते म्हणाले. "दिपिका मॅडम, तुमी पन त्या उलव्याच्या लोकांना सांगून टाका."

दिपिका हसायची थांबली.

"शेठ, मी खरं सांगू? मी नोकरी कधी बघितलीच नसती. दोन वर्षांत मनातसुद्धा आलं नव्हतं. पण तुमच्या काळजीने बघायला गेले. तर ते ऑफिस माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. इथे यायला मला दीड तास लागतो. एक बस आणि दोन रिक्षा. मी त्यांना हो म्हटलंय."

शेठनी तिच्याकडे पाहिलं. यात काही डाव आहे का, असं त्यांनी जुन्या सवयीने शोधून पाहिलं. नव्हता. उलट्या ठेवलेल्या कागदांतला एक कागद काढून तिच्यापुढे सरकवावा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण हात उचलला नाही.

"सात मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"सात. सिग्नल नाही लागला तर."

"मग जा," शेठ म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मी पन गेलो असतो."

महिनाभराने दिपिका गेली. जाताना तिने 'साठवण'मध्ये तिघांची तीन वेगळी खाती काढून दिली, नावासकट. शेठनी विरोध केला नाही. विनायकरावांनी नव्या खात्याला नमस्कार केला.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या जागेसाठी मुलाखत ठेवली. अंकिता नावाची मुलगी आली. हुशार दिसत होती, प्रमाणपत्रं नीट लावून आणली होती. शेठनी एकही प्रमाणपत्र उघडलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला, डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि फार गोड आवाजात विचारलं,

"इथं मन लागेल ना? सोडून तर नाय ना जानार?"

अंकिताने चहाकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. नव्या रंगाकडे, नव्या खुर्चीकडे आणि मग शेठकडे, डोळे बारीक करून पाहिलं. कप तिने उचलला नाही.

"सर," ती म्हणाली, "आधीच्या मॅडम का गेल्या?"

विनायकरावांना एकाएकी खोकला आला. प्रितेश ट्रेलर बघायला बाहेर गेला, तेव्हा बाहेर एकही ट्रेलर नव्हती.

"त्यांना ना," शेठ म्हणाले, "घर जवळ पडत होतं."

अगदी खरं होतं ते. अंकिताने मान हलवली, पर्स उचलली आणि कळवते म्हणाली.